दोन दिवसांचं तिकीट आणि आईंची घेरी

थीम पार्कच्या तिकिटांचा निकाल देवळात लागेल असं कुणी मला सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण गेल्या महिन्यात, आमच्या गावच्या देवळात, नेमकं तेच झालं... आणि मी अजून त्या धक्क्यातून पूर्ण बाहेर आलेले नाही.

झालं असं, की सुट्टीत सगळ्यांनी मिळून मुंबईकडच्या एका मोठ्या थीम पार्कला जायचं ठरलं. मी, नवरा, दोन मुलं आणि सासू-सासरे. प्रश्न एकच उरला होता, तिकीट एका दिवसाचं काढायचं की दोन दिवसांचं?

मुलांना अर्थातच दोन हवे होते. माझं मत ठाम, एक दिवस बास. मी व्लॉग बघून बघून डोळे लाल करून घेतले होते, कुठली राइड कधी करायची ते पाठ झालं होतं. आई-बाबा काही बसणार नाहीत, ते बॅगा घेऊन सावलीत थांबतील... मग त्यांना दोन दोन दिवस कशाला ताटकळत ठेवायचं? मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटत होतं.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाळण्यात बसत नाहीत. त्यांना घेरी येते. सूर्य पूर्वेला उगवतो तसं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. जत्रेत मोठा पाळणा लागला की आम्ही सगळे वर, आणि आई खाली आमच्या चपला अन् खाज्याच्या पुड्या सांभाळत उभ्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच बघतेय.

तर तिकिटांवरून घरात रोज धुसफूस. बाबांनी जन्मभर खाणीवर ट्रक चालवलाय, त्यांचं म्हणणं, "एक दीस पुरो गो, चलून चलून पाय मोडतले." मुलं रुसून बसली. तेव्हा आई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "हांव कौल घेतां."

मला हसूच आलं. थीम पार्कसाठी कौल? पण आमच्याकडे विहीर खणताना, लग्न ठरवताना, अगदी बाबांनी ट्रक घेतला तेव्हासुद्धा देवाला विचारलं होतं. त्यामुळे नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि भट तुमच्या वतीने गाऱ्हाणं घालतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आणि हे गाऱ्हाणं हळू आवाजात होत नाही... प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणतात.

आई पुढे जाऊन भटमामांच्या कानात बराच वेळ काहीतरी कुजबुजल्या. मी मागे मोबाइलवर बुकिंगचं पान उघडून तयार. देवाने एक दिवस म्हटलं की लगेच बटण दाबायचं, असा माझा बेत.

भटमामांचा आवाज घुमला. "देवा म्हाराजा, ही तुजी लेक घरच्यांबरोबर पाळण्यांच्या बागेंत वता."

"व्हय म्हाराजा."

"हिका घुंवळ येता म्हूण हिणें घरांत सांगलां, ती फट."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सवयीने मीसुद्धा म्हणाले... आणि मग मला कळलं मी काय ऐकलं ते. घुंवळ म्हणजे घेरी, आणि फट म्हणजे थाप.

"हिका केन्नाच घुंवळ येवंक ना. चपलां सांबाळपाक कोण तरी जाय, म्हूण ही सकयल रावली. आतां एकदां हिका वयर बसपाक जाय. घरच्यांक सांगपाक लज दिसता. बसूं काय नाका, तें तूं सांग."

या वेळी "व्हय म्हाराजा" म्हणायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

 घेरी खोटी होती, ती कधीच आली नव्हती. इतक्या जत्रा ही बाई चपला सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून खाली उभी राहून आमच्याकडे बघून हात हलवत होती, आणि तिला वर यायचं होतं, फक्त सांगायची लाज वाटत होती. नवऱ्याने बाबांकडे पाहिलं, बाबा खाली फरशीकडे बघत होते.

पाकळी काही पडेना. एरवी मी या सगळ्याला हसणारी, पण त्या दिवशी उजव्या पाकळीवरून माझी नजर हलली नाही. मध्येच डावी जराशी सरकली... मग उजवी पडली.

 घरी जाताना गाडीत बाबा म्हणाले, "माका तरी सांगपाचें न्हय?"

आई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुमी केन्ना विचारलें?"

मी तिथेच, गाडीत बसूनच, दोन दिवसांचं बुकिंग केलं. पहिला दिवस मुलांचा, दुसरा आईंचा.

आज तो दुसरा दिवस आहे. सगळ्यात उंच राइडवर आई गेल्या, माझा पंजाबी ड्रेस घालून. मुलं शेजारी, बाबा मागच्या सीटवर. खाली ऐकू आली ती फक्त बाबांची बोंब. देवाने होकार दिला, त्याचे उपकार आहेतच... पण हा प्रश्न त्याच्यापर्यंत जायलाच नको होता, तो आम्ही घरी विचारायला हवा होता.

उतरल्यावर आई सरळ माझ्याकडे आल्या. केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर मी कधीच न पाहिलेलं हसू. मी चपला पुढे केल्या, तर म्हणाल्या, "थंयच दवर. आनीक एकदां वतां."

चपला तिथेच ठेवायला सांगून त्या पुन्हा रांगेत गेल्यात, म्हणून हे लिहायला वेळ मिळाला. रांग बरीच मोठी आहे. चपला माझ्या मांडीवर आहेत, आणि मला कसलीही घाई नाही.