फोटोखालची चिठ्ठी

तमाशावर पुस्तकं लिहिणाऱ्यांबद्दल मला पूर्वी आदर होता. नारायणगावात फडांच्या राहुट्या लागल्या की ही मंडळी पुण्याहून यायची. गळ्यात कॅमेरा आणि तोंडात सारखं ‘लोककला, लोककला’. गावोगावच्या जत्रा कमिट्या राहुट्यांत शिरून सुपारी ठरवायच्या, हे बाहेरून राहुट्यांचे फोटो काढायचे.

त्यातल्या एकाला मीच लोणीला तात्यांकडं नेलं. तात्या आमच्या गावचे म्हातारे ढोलकीवाले, उभी हयात एकाच फडात काढलेली. लेखकमहाशय तीन दिवस ओट्यावर बसले, चहा प्यायले, वह्या भरल्या. तात्यांनी काही म्हणून हातचं राखलं नाही. रात्रभर खेळ करून सकाळी उन्हात गावापुढं पुन्हा उभं राहायचं, ती हजेरी. त्या हजेरीतला, ढोलकी कमरेला बांधलेला, एकुलता एक फोटोसुद्धा त्यांनी भिंतीवरून काढून दिला.

पहिल्याच दिवशी लेखकांनी विचारलं होतं, “बाबा, आपण कोण?” तात्यांनी ताठ बसून फडमालकाचं नाव घेतलं. “आमी त्यांच्या फडातलं.” तमासगिराची रीतच ती, आधी फड सांगायचा. मग समोरचा विचारतो, “आणि तुमचं नाव, पावणं?” आमच्याकडं शेंबडं पोरही हे विचारतं. या विद्वानाला तीन दिवसांत सुचलं नाही.

पुस्तक आलं. जाडजूड, गुळगुळीत कागद. टायपिंग करणाऱ्यापासून कव्हरवाल्यापर्यंत सगळ्यांचे नावानिशी आभार. तात्यांची वाक्यं पानोपानी, आणि फोटोखाली छापलेलं: ‘एक ढोलकीवाला’.

त्याच वर्षी तात्यांनी म्हाताऱ्या कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज केला होता. फड मोडलेला, मालक वारलेला, आणि कचेरीतल्या साहेबाला लेखी पुरावा हवा. आम्ही पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं.

“ह्यो काय मी, साहेब. तवा मिशा व्हत्या.”

“असाल हो. पण खाली नाव कुठाय?”

तात्यांनी फोटोशेजारी तोंड नेऊन धरलं. साहेब हसला. मला अजून ते हसणं आठवलं की हात शिवशिवतात.

बाहेर येऊन मी लेखकांना फोन लावला. म्हणाले, “त्यांनी स्वतःच फडाचं नाव सांगितलं. शिवाय व्यक्तीपेक्षा परंपरा महत्त्वाची.”

“मग कव्हरवर तुमचं नाव कशाला एवढं टप्पोरं?”

त्यांनी फोन ठेवला.

मला पुस्तक लिहिता येत नव्हतं, पण पत्रकं काढता येत होती. एसटीच्या फेऱ्या वाढवा म्हणून ज्या प्रेसमधून काढायचो, तिथूनच बोटभर चिठ्ठ्या छापून घेतल्या. त्यावर तात्यांचं नाव आणि गाव. जुन्नर-आंबेगावातल्या ज्या ज्या वाचनालयात पुस्तक होतं तिथं जाऊन फोटोखाली डिंकानं चिकटवायच्या, असा बेत. पहिली चिठ्ठी मोठ्या ऐटीत तात्यांना वाचून दाखवली.

तात्या म्हणाले, “आन् फड?”

“फड कशाला, तात्या? त्यापायीच तर घोळ झाला.”

“लई शाना झालास. फडाबिगर मी कोन? मोकळ्या रानात बडवत व्हतो व्हय ढोलकी?”

मीही तीच चूक केली होती, उलट्या टोकानं. चिठ्ठ्या पुन्हा छापल्या. नाव, गाव, फड.

तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आधी गुरकावले. मग फोटो बघून म्हणाले, “अरे, हे आमच्या जत्रेत वाजवायचे.” डिंक त्यांनीच काढून दिला आणि वाचनालयाचा गोल शिक्का मारला, अर्धा चिठ्ठीवर, अर्धा पानावर.

ती प्रत घेऊन आम्ही परत कचेरीत. साहेबानं फोटोकडं ढुंकूनही पाहिलं नाही. शिक्क्यावर बोट फिरवलं. “हां, आता झालं काम.” त्याच पानाची झेरॉक्स अर्जाला जोडली, आणि तात्यांचं मानधन मंजूर झालं. माणूस समोर उभा असून पटला नव्हता, शाई पटली.

तात्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. वाचनालयात जा, तमाशाच्या पुस्तकांचं कपाट उघडायला लावा आणि फोटोखाली वाचा. पायपीट तेवढी कराच. पुस्तक कुणाचं, तेही सांगत नाही. ‘एक लेखक’, एवढं बास. परंपरा महत्त्वाची.