घासलेले पॉइंट

महिपती गडब गावचा. घरच्या ओटीवर जुने रेडिओ उघडून बसायचा. एकाचं काळीज काढून दुसऱ्यात घालायचा आणि मेलेला रेडिओ गायला लागायचा. भंगारातला माल म्हणजे त्याचा जीव की प्राण. म्हणून तर कंपनीतल्या साहेबाला वाटलं, हा गडी मुकाट ऐकेल. कसला ऐकतोय!

नोकरी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, इलेक्ट्रिशियनची. साल शहाऐंशी. तिथल्या एका शेडमध्ये गॅस गळला की घंटा वाजवणारी जुनी पेटी होती. तिच्यातला रिले, म्हणजे घंटा चालू करणारा काडेपेटीएवढा भाग, सारखा अडकायचा. महिपती सहा महिने नवा मागत होता. शेवटी तो जळला, तेव्हा साहेबानं आणला कुठल्या तरी भंगारातला!

महिपतीनं त्याचं झाकण काढलं. "साहेब, याचे वीज जोडणारे पॉइंट पॉलिश पेपरनं घासलेत. वरची चांदी पार गेली. घंटा दोनदा वाजंल, तिसऱ्यांदा नाय."

"तू रेडिओत जुनंच घालतोस ना? बसव, आणि नवा बसवला म्हणून सही कर."

महिपतीचं टाळकंच सणकलं. "रेडिओ बंद पडला तर गाणं बंद पडतं, साहेब! हा बंद पडला तर? दर शिफ्टला आत अकरा माणसं असत्यात. तुमचं पोर आत असतं तर बसवला असता?"

रिले खिशात घालून तो तडक शेडवर गेला. दारावर खडूनं लिहिलं, 'घंटा बंद हाय. आत जाऊ नका.' दुपारची शिफ्ट आली. तिचा मुकादम पुंडलिक यानं ते वाचलं आणि पायरीवर बसकण मारली. मागचे दहाही बसले.

सहा महिने न मिळालेला नवा रिले दुसऱ्या दिवशी मुंबईहून हजर! आता बोला. मिळत होता हो, मागवायचाच नव्हता मेल्यांना.

महिपतीनं तो बसवला, घंटा वाजवून बघितली, आणि संध्याकाळी त्याची बदली झाली बागेत, झाडांना पाणी घालायला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी तो पाणी घालत असताना घंटा कडाडली. तोंडाला फडकी लावलेली माणसं धडपडत बाहेर आली, थेट त्याच्या रोपांत. पाइप टाकून महिपती बोटानं मोजू लागला. दहा झाले. अकरावा दिसेना. मग खोकत खोकत पुंडलिक आला.

महिपती मटकन चिखलात बसला आणि रडला. साहेब ऑफिसच्या खिडकीत उभा होता. महिपतीनं तिथूनच बोंब ठोकली, "मोजा, साहेब! अकरा हायत! आता तुम्ही करा सही, नवा बसवला म्हणून!"