मामाजींनी पास केलेली जज

चौथीत पाटी सुटली ती सुटलीच. अक्षर वाकडे येईल, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही ओळीओळीला असतील, त्याची आधीच माफी मागते. पण मामाजींबद्दल लिहायलाच हवे. आमच्या तालुक्याच्या कोर्टात आजवर जेवढे जज आले, त्यांची परीक्षा सरकारने घेतली असेल. निकाल मात्र मामाजींनी लावला.

हे माझ्या नवऱ्याचे मामा. कोर्टात पट्टेवाले होते, पक्षकारांची नावे पुकारायचे. निवृत्त झाले तरी रोज अकराला इस्त्रीचा सदरा घालून मागच्या बाकावर हजर. घरीही तेच. जेवताना एकेकाला तीनदा पुकारत आणि तिसऱ्या हाकेला ओ आली नाही, तर "गैरहजर!" म्हणून ताट उचलत. माझा आवाज जन्माचा बारीक. चुलीपाशी बसून "आली" म्हणायची आणि स्वतःच रांधलेल्या भाताला मुकायची.

आमच्या भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा लोक म्हणत, तलाव तिकडे गेले, जंगल गेले. मामाजींना एकच घोर, जज किती उरले? आमच्या कोर्टात जागा तीन मंजूर, पण पूर्णवेळ एकच होता. दुसरा भंडाऱ्याहून अधूनमधून येई, त्याला ते "पाव" धरत. "कागदावर तीन, खुर्चीवर सव्वा," हे त्यांनी लग्नाच्या पंगतीत वरण वाढणाऱ्यालाही ऐकवले होते. लायकीबद्दलही मते ठाम. कायद्याची पदवी शेवटी. आधी जजाने म्हाताऱ्याला बसा म्हटले पाहिजे, आणि डबा खाऊन पेंगता कामा नये. एक साहेब मोठे विद्वान होते. पेंगले आणि नापास झाले.

त्या सव्वा जजाच्या काळातच माझा दावा अडकला. मी विणलेली लुगडी नेऊन एका व्यापाऱ्याने साठ हजार बुडवले होते. लेकीला नर्सिंगला घालायचे ते पैसे. तारखांवर तारखा पडत. शेवटी व्यापारी म्हणाला, "बाई, निम्मे घे अन् मोकळी हो." मी तयार झाले. मामाजी कडाडले, "काहून? जज सव्वा हाये म्हून न्याय अर्धा घेशीन काय?"

मग नवी जज आली, अगदी तरुण. मामाजींनी नाक मुरडले. "एक दिस वकिली नाही केली. परीक्षा देली अन् खुर्चीवर बसली. इले काय समजन?"

माझी साक्ष भर उन्हाळ्यात लागली. पिंजऱ्यात उभी राहिले आणि घशातून नुसती हवा निघाली. समोरचा वकील हसला, "साहेब, बाईले काही सांगायचंच नाही दिसत." जजबाईंनी खडखडणाऱ्या पंख्याकडे पाहिले. "तो बंद करा." वकिलांचे काळे कोट भिजले. "आता बोला, ताई. सावकाश." मी बोलले. एकेका लुगड्याचा काठ, रंग, ते कधी नेले, सगळे सांगितले.

बाहेर मामाजी घामाने निथळत उभे होते. "पास," म्हणाले. "पयला नंबर. जलम गेला त्या खोलीत, पण पंखा बंद करणारा जज म्या पाह्यला नाही." मग हळूच म्हणाले, "म्याच करायले पाह्यजे होता, सूनबाई. एवढे वर्स बटन माह्याच हाताशी होतं."

निकाल माझ्या बाजूने लागला. व्यापारी कोर्टात हप्ते भरू लागला; पहिल्या हप्त्यावर लेकीचा प्रवेश झाला. जजबाईंची बदली झाली. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. मामाजींचे गुडघेही गेले, ते आता घरीच असतात. शेवटचा हप्ता मिळाला तो मी आधी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी हात लावला नाही. "तुह्या कमाईचे हायेत," म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवले. मी तिथेच बसून आजवरच्या पावत्यांची बेरीज केली. पूर्ण साठ हजार, एक रुपया कमी नाही.