मावशीच्या फळीवरची पहिली जागा

बेबीचं वय चोपन्न. या वयाच्या बाईला बेबी म्हणतात हे ऐकून नवी माणसं गालातल्या गालात हसतात, आणि आठवड्याभरात तीच माणसं "बेबीमॅडम, जरा बघता का?" म्हणत तिच्या टेबलाशी उभी असतात. एकदा नाव पडलं की पडलं. हे नाव ठेवलं तिच्या मावशीने, आणि गंमत बघा, जगात ते कुणी विसरलं असेल तर ती मावशीच.

बेबी कामाला जाते ती वॉशिंग मशीनचे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात. बोर्डावरची चिप कोरी येते. प्रोग्रॅम भरल्याशिवाय तिला पाणी कधी घ्यायचं नि कपडे कधी घुसळायचे यातलं ओ की ठो कळत नाही. बेबी बोर्ड साच्यात बसवते, झाकण दाबते, हिरवा दिवा लागला की पुढचा बोर्ड. "आमची बेबी चिपांत जीव घालते," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

"जीव कसला डोंबलाचा! फाइल घालते," बेबी म्हणते.

आणि ती फाइलही दुसऱ्याच कुणी लिहिलेली. एके काळी बेबी स्वतः प्रोग्रॅम लिहायची. लिफ्टचे कंट्रोलर बनवणारी एक छोटी कंपनी होती, तिथे. कंपनी बुडाली आणि सुगरणीला वाढपी करून ठेवावं तशी तिची गत झाली. कुरकुर करायचा तिचा स्वभाव नाही. पण झाकण दाबताना कधी कधी हात रेंगाळतो, आणि ते दिवस आठवून तिला फार वाईट वाटतं.

आता या फायलींचं थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. घाबरू नका, स्वयंपाकघरातूनच जाऊ या.

आईच्या स्वयंपाकघरात डब्याडब्यावर चिठ्ठी. आत काय आहे नि डबा कुठल्या फळीवर कितवा, सगळं लिहिलेलं. उद्या कुणी सगळे डबे गच्चीवर नेऊन पसरले तरी चिठ्ठ्या वाचत परत लावता येतील. फायलींच्या दोन जाती. त्यातली हेक्स फाइल अशी असते. तिची प्रत्येक ओळ सांगते की मी एवढी लांब, मला चिपच्या अमुक जागी ठेवा, हा माझा माल. आणि शेवटी पडताळणीचा एक आकडा, वाटेत काही सांडलं तर नाही ना हे बघायला. मावशीचं सगळं उलट. तिचे डबे एकजात सारखे, स्टीलचे, चिठ्ठी औषधालाही नाही. "जागा ठाऊक असली की झालं. मीठ काय पळून जातंय?" असं तिचं म्हणणं. दुसरी जात 'बिन' फाइल, ती म्हणजे मावशीची फळी. नुसता माल, एकामागोमाग एक. सुरुवात कुठून करायची हे ज्याने लावलं त्याला ठाऊक, आणि एक डबा सरकला की पुढचे सगळे चुकले.

यावरून दोघी बहिणी जन्मभर भांडल्या. लग्नानंतर राहायलाही आल्या एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, म्हणजे भांडायला लांब जायला नको. आई आणि बेबी इकडे सातव्या मजल्यावर, मावशी समोरच्या बैठ्या घरात मुलगा-सुनेबरोबर. रोज दुपारी आई खाली उतरून तिच्याकडे जायची आणि तासाभराने फणकारत परत यायची, की पुन्हा म्हणून पाऊल टाकणार नाही. दुसऱ्या दिवशी पाऊल टाकायचीच. पुढे आई पडली, खुबा मोडला, चाकांच्या खुर्चीवर आली. तरी खंड नाही. बेबी खुर्ची ढकलायची, लिफ्ट खाली न्यायची.

मग ऐन थंडीत लिफ्ट बंद पडली. कंट्रोलरची चिप जुनी होती, तिच्यातलं सगळं पुसलं गेलं. बनवणारी कंपनी, म्हणजे बेबीचीच जुनी, कधीच बुडालेली. इमारतीच्या कमिटीने मान डोलावून सांगितलं की नवी लिफ्ट बसवू, पुढच्या वर्षी. शेजारचे चांगले. म्हणाले, चौघं मिळून खुर्चीसकट खाली नेऊ.

"चौघांनी उचलायचा दिवस अजून यायचाय माझा," आई म्हणाली. "तेव्हा न्या, तेव्हा नाही म्हणणार नाही."



त्याच थंडीत मावशीचं विसरणं सुरू झालं. आधी गॅसवरचं दूध, मग माणसांची नावं. सात मजले चढणं तिला दम्यामुळे आधीच अशक्य. आईने फोन लावला की ती विचारायची, "कोण बोलतंय?"

"अगं मी, अक्का!"

"अक्का घरी नाही," असं म्हणून ती फोन ठेवून द्यायची.

पण खिडकी तिने कधी चुकवली नाही. रोज दिवे लागायच्या आधी आई लाल शाल पांघरून खिडकीत बसायची आणि हात वर करायची. खाली रस्त्यापलीकडच्या खिडकीत मावशी दोन्ही हात हलवायची, लहान मुलं गाडीला हलवतात तसे. तेवढ्यावर आईची रात्र निघायची. तरी एकदा ताटावर बसल्या बसल्या तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला एकदा तिच्याजवळ बसायचंय गं," ती म्हणाली. "तिला मी आठवतेय तोवर. पुढच्या वर्षी बसून काय करू?"

बेबीलाही तेच हवं होतं, फक्त ती बोलत नव्हती. रोज कामावरून येताना ती मावशीकडे डोकवायची आणि मावशी तिला "या नर्सबाई" म्हणायची. एकदा, फक्त एकदा "बेबे" म्हण ना गं, असं तिच्या अगदी ओठांवर यायचं.

त्या रात्री तिने ठरवलं. लिफ्टचा प्रोग्रॅम शेवटी कुणी लिहिला होता? तिनेच ना? तिने जुन्या कंपनीतल्या चष्मिसला फोन केला. सगळा जुनापुराणा माल जपून ठेवणारा हा एकच प्राणी.

"आहे की!" चष्मिस खुशीत म्हणाला. "तुझ्या इमारतीचीसुद्धा आहे. सगळ्या फायली पाखडून ठेवल्यात बघ. ते ओळीओळीचे पत्ते, आकडे, सगळी फोलपटं काढून टाकली. नुसता माल ठेवलाय."

"अरे गाढवा," बेबी म्हणाली, "फोलपटं नव्हती ती!"

पण आलिया भोगासी. फाइल आली. प्रोग्रॅमची जागा तिला ठाऊक होती, चिपच्या अगदी सुरुवातीला. त्याच्या मागे चिकटला होता दुसरा तुकडा: कुठला मजला किती उंचीवर, याचा तक्ता. हा तक्ता चिपमध्ये पार लांब, दुसऱ्या टोकाला असायचा. नेमका कुठे, ते प्रोग्रॅममध्येच कुठेतरी लिहिलेलं असणार. इतक्या वर्षांपूर्वीचं स्वतःचंच लिखाण वाचत ती बसली. मध्येच स्वतःवर खूश झाली, मध्येच "ही कोण बावळट?" असं म्हणाली, आणि तक्त्याची जागा शोधून काढली. तुकडे जिथल्या तिथे ठेवले, मधली मोकळी जागा भरली, नव्या चिपमध्ये फाइल उतरवली. हिरवा दिवा लागला तेव्हा कितीतरी वर्षांनी तिला तो आपला वाटला.

लिफ्टवाला हा फार सावध माणूस. त्याने सगळ्या मजल्यांवर 'चाचणी चालू, बसू नये' अशा पाट्या लावल्या आणि रिकामी लिफ्ट चालवून बघितली. चालली! दारं उघडली, मिटली. फक्त तळमजला दाबला की पहिल्यावर जाई, दुसरा दाबला की तिसऱ्यावर. पाटी न वाचता घुसलेले चौथ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर पाचव्या मजल्यावरच्या कुलपाशी झटापट करताना सापडले, आणि वर "माझं कुलूप कुणी बदललं?" म्हणून लिफ्टवाल्यालाच रागावले. सगळी इमारत हसली. बेबीला हसू येईना. कारण सातवा दाबला की लिफ्ट जागची हलतच नव्हती.

"इथवर येत नाही का गं?" आईने दारातूनच विचारलं. ती सकाळपासून ठेवणीतली साडी नेसून, केस विंचरून बसली होती.

"येईल," बेबी म्हणाली. "काहीतरी एकाने सरकलंय."

काय सरकलंय ते मात्र कळेना. तक्ता जागेवर होता, माल बरोबर होता, मग घोडं पेंड खातंय कुठे? तिने फाइल पुन्हा पुन्हा तपासली, डोळे चुरचुरले. दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना ती तशीच मावशीकडे गेली. मावशी त्या दिवशी उत्साहात होती. "बसा नर्सबाई, मी चहा करते," म्हणाली. हात सवयीने चालत होते. पातेलं ठेवलं, न बघता फळीवरचा दुसरा डबा काढला, दोन चमचे टाकले.

बेबीने घोट घेतला आणि तिचा चेहरा वाकडा झाला. खारट ढोण!

"अगंबाई, मीठ पडलं वाटतं," सून धावत आली. "माझंच चुकलं. काल फळी पुसली ना, तर पहिली जागा उगाच रिकामी होती. मग सगळे डबे एकेक पुढे सरकवले."

"उगाच नाही," मावशी एकदम ठसक्यात म्हणाली. "ती जागा हातातल्या डब्याची. तिथे काही ठेवायचं नसतं."

बेबीने कप खाली ठेवला. तळघर! अरे देवा, तळघर! जुन्या कंपनीत प्रत्येक इमारतीच्या तक्त्यात पहिली जागा तळघराची असायची. तळघर नसेल, जसं या इमारतीला नव्हतं, तर तिथे काही लिहायचं नाही, जागा तशीच सोडायची. हेक्स फाइलमध्ये पुढच्या ओळीवर तिचा पत्ता असतो, त्यामुळे सुटलेली जागा सुटलेलीच राहते. चष्मिसने पत्ते पाखडले तेव्हा ती जागाही उडाली, आणि तिने तळमजला तळघराच्या जागी नेऊन ठेवला होता. सातव्याच्या जागी काहीच उरलं नव्हतं. बिचारी लिफ्ट जाणार कुठे?

"मावशी, तू शहाणी आहेस गं," असं म्हणून तिने मावशीचा पापा घेतला.

"असं काय करता नर्सबाई," मावशी लाजली.

निघण्यापूर्वी बेबीने सगळे डबे एकेक मागे सरकवून पहिली जागा रिकामी करून ठेवली.

पुढचं काम किरकोळ होतं. एक जागा सोडून तक्ता पुन्हा बसवला, चिप भरली. लिफ्टवाल्याने आधी रिकामी, मग वाळूच्या गोण्या घालून लिफ्ट वरखाली फिरवली आणि शेवटी सातव्या मजल्यावर दार उघडून म्हणाला, "या आजी, बसा."

आई कितीतरी महिन्यांनी रस्त्यावर आली. ऊन अंगावर घेत, भेटेल त्याला "बेबीने केली हो, बेबीने" असं सांगत. मावशीच्या दारात खुर्ची थांबली तेव्हा तिने पदर सारखा केला.

मावशीने दार उघडलं. आईकडे नीट बघितलं आणि छान हसली, पाहुण्यांकडे बघून हसतात तशी.

"या ना, या. बसा."

आई खुर्चीतून पुढे झुकली. म्हणाली, "अगं, मी अक्का."

"हो का? माझ्या बहिणीलाही अक्काच म्हणतात." मावशी तिच्याजवळ खुर्ची ओढून बसली. आईने तिचा हात हातात घेतला आणि मावशीने तो घेऊ दिला. दोघी तशाच बसल्या. सुनेने चहा आणला, गोड होता. उन्हं भिंतीवर चढली तशी मावशी चुळबुळायला लागली.

"रागावू नका हं, मला जरा उठायला हवं. माझी अक्का येते खिडकीत. मी दिसले नाही तर तिचा जीव टांगणीला लागतो."

ती खिडकीशी गेली. सातव्या मजल्यावरची खिडकी रिकामी होती. मावशी बघत राहिली, टाचा उंचावून बघत राहिली.

"आली नाही," ती म्हणाली. आवाज रडवेला झाला. "कधी चुकवत नाही हो ती. पडली तर नसेल पुन्हा?"

"अगं वेडे, इथे आहे मी," आई म्हणाली. "ही काय."

"तुम्ही नाही हो," मावशीने तिला समजावलं. "ती वर असते."

आईने बेबीकडे बघितलं. खांद्यावरची लाल शाल काढून तिच्या हातात दिली.

"जा गं वर," ती म्हणाली. "पटकन जा."

बेबी रस्ता ओलांडून पळाली. लिफ्टमध्ये शिरून तिने सातवा दाबला आणि लिफ्ट सरळ, न चुकता सातव्यावर गेली. शाल पांघरून ती आईच्या जागी, खिडकीत खाली वाकून बसली आणि तिने हात वर केला.

खाली मावशीचे दोन्ही हात हलायला लागले. तिच्या शेजारी खुर्ची ढकलत आई आली. तिनेही हात वर केला, आपल्याच खिडकीकडे बघून. मावशीचं समाधान झालं तशी ती आत वळली. आई मात्र तिथेच होती, आणि तिचा हात अजून वर होता.