शेठाणीसाठी थांबलेले मोठे बाबा

उभ्या गोंदिया जिल्ह्यातली घाई कुणा एकाच्या नावावर चढवायची झाली, तर तो सातबारा माझ्या बायकोच्या मोठ्या बाबांच्या नावानेच निघेल. मोठे बाबा म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ, नात्याने माझे चुलत सासरे. दवनीवाड्याला त्यांची धानाची शेती, शेताला लागून स्वतःची बोडी, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं लहानसं तळं, आणि बोडीच्या बांधाला, तिकडच्या बोलीत पाळीला, टेकून घर. इतक्या निवांत जागी राहणाऱ्या माणसाच्या अंगात ही घाई शिरली कुठून, हे कोडं मला लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी सुटलेलं नाही. मी स्वतः सरकारी कचेरीत हयात घालवलेला माणूस. आज हात लावला नाही तरी चालतं अशा कामाला उद्याही हात लावू नये, हा माझा स्वभाव. त्यामुळे त्यांना माझी दया येते आणि मला त्यांची, आणि यावरच आमचं छान जमतं.

दुपारी दोनची गाडी असली की मोठे बाबा सकाळी नऊला गोंदियाच्या फलाटावर हजर. एकदा ते इतक्या आधी पोचले की भलतीच, उशिरा धावणारी गाडी त्यांना आपली वाटली आणि नागपूरला निघालेले मोठे बाबा बरोबर उलट्या दिशेला, डोंगरगडला उतरले. तिथूनही परतीच्या गाडीला ते चार तास आधी तयार होते. नात्यातल्या लग्नाला ते आदल्या दिवशीच पोचतात आणि मांडवाचे खांब रोवणाऱ्यांना सूचना देतात. माझ्या लग्नात तिसऱ्या मंगलाष्टकालाच त्यांनी मुठीतल्या सगळ्या अक्षता टाकून दिल्या आणि पंगत बसवायला निघाले. भटजींनी डोळे वटारले, तर हे शांतपणे म्हणाले, "टाईम कुठी आहे, महाराज?" हे त्यांचं आयुष्यभराचं वाक्य. सकाळी चहा ओतताना, बैल जुंपताना, आजारी माणसाला भेटायला गेल्यावर बसा म्हटलं तर, सगळीकडे हेच. चहा तर ते असा पितात की पुढच्या माणसाचं तोंड भाजावं.

फोनवर बोलणं हा प्रकार त्यांना कधी जमलाच नाही. त्यांचा फोन म्हणजे तार. "जवाईबापू, धान कापून झाला, ठेवतो," एवढं ऐकू येतं आणि मी हॅलो म्हणेपर्यंत पलीकडे शुकशुकाट. माझ्या मुलाचा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी मुद्दाम चौकशीला फोन केला, "लागला का निकाल?" असं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत ठेवून दिला. मग दुसऱ्या दिवशी दुसरा फोन केला आणि तोही तसाच ठेवला. निकाल त्यांना शेवटी पोस्टमनकडून कळला.

या माणसाला बायको म्हणून मोठी आई मिळाली होती. ती बाई तांदूळ निवडायला बसली की दाण्यादाण्याची विचारपूस करत असावी असं वाटे. मोठे बाबा अंगणातून ओरडत असत आणि ती "आली, आली" म्हणत बसल्या जागेवरून हलत नसे. तिनेच तिरोड्याच्या बाजारातून बदकाची दोन पिल्लं कापडी पिशवीत घालून आणली होती. मोठी झाल्यावर नर छाती काढून, मान मागे घेऊन, गिरणीत चक्कर मारायला निघालेल्या राईस मिलच्या मालकासारखा चालू लागला, म्हणून तो शेठ. त्याच्या मागून सतत काहीतरी सुनावत येणारी ती शेठाणी. सकाळी दोघं बोडीवर जायची, संध्याकाळी मोठी आई दारात उभी राहून "या गा, या" म्हणायची आणि ती पाळीवरून डुलत डुलत घरी यायची. त्यांच्या त्या चालीचा मोठ्या बाबांना मनस्वी राग येई. पाठीमागून टाळ्या वाजवून ते त्यांना घाईला लावायचे. बदकं ढिम्म राहायची.

चार वर्षांपूर्वी आषाढाच्या तोंडावर मोठी आई गेली. सकाळी बसल्या जागी छातीत कळ आली आणि संपलं. त्यांची एकुलती एक मुलगी वनिता नाशिकला असते. तिला कळवलं, ती मिळेल त्या गाडीत बसली, पण पोचायला दुसरी सकाळ उजाडणार होती. गावकऱ्यांनी, भावांनी, माझ्या बायकोनेही सांगितलं की पोरीसाठी थांबू या, मायचं तोंड तरी पाहू द्या. आमच्याकडे दूरच्या लेकीसाठी मयत ठेवतातच, बर्फाच्या लाद्या आणून ठेवतात. पण मोठ्या बाबांनी वर आभाळाकडे पाहिलं. पाणी येऊन राहिलं, लाकडं ओली होतील, असं म्हणत त्यांनी संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. वनिता सकाळी आली तेव्हा घाटावर राख होती. पाऊस त्यानंतर दोन दिवसांनी आला.

वनिता तेरवीपर्यंत राहिली. सगळ्यांशी बोलली, वडिलांशी बोलली नाही. त्यानंतर ती दवनीवाड्याला फिरकली नाही. माझ्या बायकोला तिचा फोन येई. ती बदकांची चौकशी करी, आणि बदकांच्या आडून वडिलांची. मोठे बाबा कधी तिचं नाव काढत नसत. ते नेहमीसारखे घाईत असत. एवढंच, की शेठ आणि शेठाणीची तांदळाची कणी आता ते स्वतः भिजवत आणि बदकं उठायच्या आधीच डालग्यासमोर नेऊन ठेवत. मोठ्या आईच्या हातची उरलेली जिवंत गोष्ट म्हणजे ती दोन बदकं, हे त्यांनी तोंडाने कधी म्हटलं नाही, पण आम्हाला दिसत होतं.

गेल्या हिवाळ्यात, ऐन मळणीच्या दिवसांत शेठ मलूल झाला. मोठ्या बाबांनी त्याला पडवीत वेगळ्या डालग्याखाली ठेवलं. दोन दिवसांनी, शेठाणी बोडीवर गेलेली असताना, दहाच्या सुमारास त्याने मान टाकली. सव्वादहाला मोठ्या बाबांनी त्याला मोहाच्या झाडाखाली पुरलं, डालगं धुऊन उन्हात पालथं घातलं आणि मळणीला निघून गेले. संध्याकाळी शेठाणी परतली ती सरळ पडवीत गेली. पालथ्या डालग्याभोवती तिने फेऱ्या मारल्या, मग गोठ्यात पाहिलं, बाजेखाली पाहिलं, खताच्या खड्ड्यापर्यंत जाऊन आली आणि फाटकाशी उभी राहून हाका मारायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसापासून ती पाण्यात उतरेना आणि कणीला चोच लावेना.

मोठ्या बाबांनी यावर घाईने जेवढे म्हणून उपाय होते तेवढे केले. चौथ्याच दिवशी ते बाजारातून एक तरणाबांड काळा नर घेऊन आले. त्याने आल्या आल्या शेठाणीच्या मानेला धरलं, ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन लपली, आणि संध्याकाळपर्यंत ते नवं स्थळ शेजाऱ्याकडे रवाना झालं. मग त्यांनी आपला दाढीचा आरसा भिंतीला टेकवून ठेवला. शेठाणीने आरशात पाहिलं, एक हाक मारली आणि आरशाच्या मागे जाऊन पाहिलं. मागे भिंत होती. ती पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. असं चार वेळा झाल्यावर मोठ्या बाबांनी आरसा उचलला आणि घरात नेऊन खुंटीला अडकवला. त्यानंतर तीन दिवस त्यांनी दाढी केली नाही, असं माझ्या बायकोला शेजारणीने सांगितलं.

जनावरांच्या डॉक्टरला त्यांनी फोन केला आणि त्याचं काही न ऐकता ठेवला. शेवटी तो बिचारा स्वतःच आला. त्याने शेठाणीला उलटसुलट करून पाहिलं आणि आजार काही नाही म्हणाला. तिची रोजची वेळ मोडू नका, तिच्याजवळ बसत जा, तिच्यावर कशाची जबरदस्ती करू नका. किती दिवस बसायचं, असं मोठ्या बाबांनी विचारलं, कारण मळणी खोळंबली होती. डॉक्टर गाडीला किक मारता मारता म्हणाला, "काका, ते तिलेच विचारा."

हे ऐकून मी दवनीवाड्याला गेलो तो निव्वळ गंमत बघायला. मोठे बाबा एका जागी बसलेले मी जन्मात पाहिले नव्हते. पण पाळीवर, मोहाच्या सावलीत, ते खरोखरच बसलेले होते. खळ्यावर मळणीयंत्र दुसऱ्यांच्या हवाली करून हा माणूस सकाळपासून तिथे होता. समोर हातभर अंतरावर शेठाणी, पंखांत मान घालून. मोठ्या बाबांच्या तळहातावर भिजवलेली कणी होती आणि त्यांचा गुडघा सवयीने सारखा हलत होता. बाकी सगळा माणूस थांबला होता, गुडघा मात्र थांबायला तयार नव्हता. मी थट्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेजारी बसलो. तळहातावरच्या कणीकडे बघत तेच बोलले.

"जवाईबापू, तिनं त्याचं तोंडच नाही पायलं. तिले कसं समजंन तो मेला म्हणून? तिच्या लेखी तो कुठीतरी गेला आहे, येऊन राहिला आहे. म्हणून ती फाटकात जाऊन उभी राह्यते. म्या पंधरा मिनिटात पुरून टाकला."

पाण्यावरून वारा आला, शेठाणीची पिसं हलली.

"वनिताले बी म्या मायचं तोंड पाहू नाही देल्लं," ते म्हणाले.

चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून लेकीचं नाव निघालं होतं. मला कचेरीतल्या सवयीने वाटलं, आता विषय इथेच राहू द्यावा, पुढे कधीतरी पाहता येईल. पण घाईची सवय त्यांची होती आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा कामाला आली. फोन लावून द्या, म्हणाले. नंबर त्यांच्याकडे होता, पाठही होता. तरी लावायला मी हवा होतो, कारण त्यांनी लावला की ठेवला जातो, अशी त्यांना स्वतःचीच भीती वाटत होती. मी लावला आणि त्यांच्या डाव्या हातात दिला. उजव्यात कणी तशीच होती.

"वनिता, मी बोलून राहिलो," ते म्हणाले. "म्या घाई केली, बाई. तुह्यासाठी थांबाले पाह्यजे होतं."

आणि मग त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडून शब्द ऐकू येत नव्हता. आधी काहीच नव्हतं, मग रडणं असावं, कारण मोठ्या बाबांनी डोळे मिटून घेतले. ते हो म्हणाले नाहीत, ठेवतो म्हणाले नाहीत, फोन कानाला लावून नुसते बसून राहिले. गुडघा केव्हा थांबला ते मला कळलं नाही. शेठाणीने पंखांतून मान काढली, इकडेतिकडे पाहिलं, दोन पावलं पुढे आली आणि त्यांच्या विसरलेल्या तळहातावरची कणी खायला लागली. चोच टोचली असेल, पण हात हलला नाही. मी दुसरीकडे तोंड फिरवलं, कारण माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते लपवायला तिथे दुसरं काही नव्हतं.

महिनाभराने वनिता आली. दुपारच्या गाडीला मोठे बाबा सकाळी आठला फलाटावर गेले होते, आणि गाडी तीन तास उशिरा आली, याबद्दल त्यांनी रेल्वेला एका शब्दानेही बोल लावला नाही. वनिता घरात न शिरता आधी पाळीवर गेली. बापलेकीत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण त्या चार दिवसांत दोघं सकाळ-संध्याकाळ तिथेच बसलेली दिसत, आणि वनिता "या गा, या" म्हणाली की शेठाणी मान वाकडी करून तिच्याकडे बघत राही. आवाज ओळखीचा वाटत असावा. शेठाणी आता खाते, पाण्यातही उतरते. फक्त एकटीच पोहताना मध्येच थांबते आणि मागे वळून बघते. ते काही गेलेलं नाही, जाईल असं वाटतही नाही.

वनिता निघाली त्या दिवशी तिला स्टेशनवर पोचवायला मी गाडी घेऊन गेलो होतो. माझ्यासारखा माणूससुद्धा घड्याळ बघत होता, कारण जेमतेम पाऊण तास हाती होता आणि गोंदिया चांगलं लांब. बॅगा दारात बांधून तयार होत्या. बापलेक पाळीवर, मध्ये शेठाणी. मी जाऊन म्हटलं की निघायला हवं, नाहीतर गाडी चुकेल.

मोठ्या बाबांनी माझ्याकडे न पाहता शेजारच्या जागेवरची वाळकी पानं हाताने बाजूला केली.

"बसा, जवाईबापू," ते म्हणाले. "टाईम आहे."

टाईम नव्हता. पण ते वाक्य त्यांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. घड्याळ काढून खिशात टाकलं आणि मी बसलो.