गेलेल्या शर्यतीचा दुखवटा

हरलेल्या माणसाला धीर देण्यात आमच्या हिच्या मामांचा हात कुणी धरू शकला नसता, आणि त्यांनी धीर दिल्यावर आपण हरलो की जिंकलो हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. नव्वदच्या आसपास आम्ही गिरगाव सोडून मीरा रोडला शांती नगरात राहायला आलो, तेव्हा मामा नवघरला आधीच स्थिरावले होते. स्वतःला पोहता येत नव्हतं. टँकच्या काठावर उभे राहिले तरी एका हातानं कठडा घट्ट धरलेला. पण आमची मुलगी पोहायला लागल्यापासून मुलांची एकही स्पर्धा त्यांनी चुकवली नाही. जिंकलेल्या मुलाकडे ते काळजीनं बघत आणि "आता सांभाळ रे बाबा" म्हणून त्याला घाबरवून सोडत. हरलेला दिसला की मात्र चेहरा खुलायचा. एकदा एक मुलगा घाईघाईत शेजारच्या लेनमध्ये शिरला आणि बाद झाला. मामा त्याला म्हणाले, "तुझं पोहणं फर्स्ट क्लास. जागा तेवढी दुसऱ्याची होती." पोरगं इतकं खूश होऊन घरी गेलं की दुसऱ्या दिवशी त्याचे वडील मेडल कुठाय म्हणून कोचशी भांडायला आले. यात आपलं काय चुकलं ते मामांना कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते त्यांना नीट सांगता आलं नाही.

आमच्या मुलीच्या वेळी मात्र प्रकरण गमतीचं नव्हतं. पहिल्या तिघी जिल्ह्याच्या टीममध्ये जाणार होत्या आणि ही चौथी आली. घरी आल्या आल्या "मी आता टँकवर जाणार नाही" एवढंच बोलली आणि खोलीचं दार लावून घेतलं. रात्री जेवली नाही. "पुढच्या वेळी बघू", "चौथा नंबर म्हणजे काय कमी का", असं जे जे दाराबाहेरून बोलता येण्यासारखं होतं ते आम्ही दोघांनी बोलून घेतलं.

रविवारी सकाळी मामा आले. पांढरा झब्बा, पांढरा लेंगा. दार सताड उघडं ठेवून सतरंजीवर भिंतीला टेकून बसले आणि एक अक्षर बोलेनात. चहा विचारला तर नुसता हात हलवला. समोर माणूस असा बसल्यावर आपण तरी काय करणार? मीही बसलो. हिनं तर डोळ्यांना पदरच लावला. जिन्यातून जाणाऱ्यांनी हे पाहिलं आणि थोड्या वेळात आमच्या हॉलमध्ये अर्धी बिल्डिंग गप्प बसलेली. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बेन पांढरी साडी नेसून आल्या. त्यांनी हळूच विचारलं, "कौन गया, भाईसाब?"

"लडकी की रेस गई, बेन," मामा म्हणाले. "कल दोपहर को."

बेननी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. पण पांढरी साडी नेसून आल्यावर लगेच उठायचं कसं? त्याही मान खाली घालून बसल्या.

घरात इतकी शांतता कशी म्हणून असेल, मुलीनं दार उघडलं. हॉलभर माणसं बघून तिचा चेहरा उतरला. "बाबा, कोण गेलं?"

"तुझी शर्यत, बाळ," मामा म्हणाले. "किती दिवस पहाटे उठून पोहत होतीस. मोठं नुकसान झालं गं."

कालपासून कोरडी राहिलेली पोर हमसून हमसून रडायला लागली. बेननी तिला जवळ ओढलं आणि त्याही रडल्या. आम्ही सगळे तिला काही झालंच नाही असं सांगत होतो. काहीतरी झालंय हे कबूल करणारा हा एकच माणूस. मला मामांचा हेवा वाटला.

ते निघाले तेव्हा तिनं विचारलं, "मामाआजोबा, परत हरले तर याल?" म्हणजे ती परत पोहणार होती! मी हिच्याकडे बघितलं.

"येईन की. पण नाही आलो तर हरली नाहीस असं समजू नकोस हं. गुडघे दुखतात हल्ली."

ती पुढे बरीच वर्षं पोहली, बऱ्याचदा हरली आणि मामा दर वेळी येऊन बसले. मग त्यांना जिना चढवेना. त्या वर्षी हरल्यावर ती ओल्या केसांनी एकटीच नवघरला गेली आणि अंधार पडायच्या सुमाराला परत आली. "काय म्हणाले मामा?" मी विचारलं.

"काही नाही. मी बसले, तेही बसले," ती म्हणाली. "आई, वाढतेस का? भूक लागलीय."