पुढे सरकवलेला ट्रे

द्राक्षाच्या रसाचा वास आला की मला कागलजवळच्या आमच्या छोट्या चर्चमधलं एक प्रभुभोजन आठवतं. बारावीत असताना एका संध्याकाळी मी म्हशीचं दावं बांधायला विसरलो होतो. ती हायवेवर जाऊन ट्रकखाली मेली, आणि मी थोरल्या भावाचं नाव सांगितलं. वडिलांचा मार त्यानं खाल्ला. कॉलेजला लागल्यावर मी त्याच्याजवळ सगळं कबूल केलं, तर तो नुसता हसला. त्या हसण्याचाच मला संशय होता. मनात ठेवलं असेल, कधीतरी बाहेर काढेल. प्रभुभोजनाच्या त्या रविवारी चर्चचे पाळक म्हणत होते की देवानं क्षमा केली आहे, पण तेही मला फार स्वस्त वाटत होतं. क्षमेची खूण म्हणून सगळ्यांनी प्यायच्या द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचा ट्रे आला, तसा मी काही न घेताच तो भावाकडे सरकवला. त्यानं तो परत माझ्यापुढं धरला आणि चार बाकांना ऐकू जाईल असा कुजबुजला, "देवानं सोडलं, मीबी सोडलं. तू काय आमच्यापेक्षा मोठा साहेब लागून गेलास व्हय?" पुढची बाई वळून बघायला लागली. मी पेला उचलला. रस कोमट, आंबटगोड होता. कुणी माफ केलं की आजही आधी संशयच येतो, पण पेला न घेता ट्रे मी पुढं सरकवत नाही.